पायरीची पिवळी कड

घर पांढरं करायची कल्पना कायतानची आणि ती अमलात आणायची घाई एर्मेलिंदची. त्यामुळे त्या शुक्रवारी जे झालं त्याचं पाप दोघांनी निम्मं-निम्मं वाटून घ्यायला हरकत नव्हती. कायतानने सुरुवातीला अर्थातच तसं केलं नाही. तो नवरा होता, आणि वर तारवटी.

बोटीवर आयुष्य काढलेल्या माणसाला जागा लहान असली की ती पांढरी हवी, हे बायबलाइतकं पक्कं ठाऊक असतं. "केबिन केवढी असते माहितीये? आपल्या न्हाणीएवढी," तो कुणालाही धरून सांगायचा. "पण पांढरी. म्हणून माणूस वेडा होत नाही."

"तू झालासच की," त्याची थोरली बहीण म्हणायची आणि विषय तिथे संपायचा.

ही बहीण म्हणजे कितेर. कायतान तिला 'माना', म्हणजे ताई, म्हणे, त्यामुळे एर्मेलिंदही मानाच म्हणे. पणजीतल्या बाकी सगळ्या फोंतेन्यास वाड्याची ती तिया कितेर, म्हणजे कितेर मावशी. तिने लग्न केलं नाही. उतारावरच्या वडिलांच्या चिंचोळ्या घरात, दर्शनी खोलीत सुया-दोरे-बटणं-लेस यांचं दुकान तिने सारं आयुष्य चालवलं. कुणी कापडाचा तुकडा घेऊन आलं की डबा न उघडता सांगायची, "तिसरा कप्पा, डावीकडचं रीळ." दहा तपकिरी रंगांतला नेमका तपकिरी. चार वर्षांपूर्वी गुडघे दुखतात म्हणून तिने दुकान बंद केलं, आणि तेव्हापासून तिच्या डोक्यात रंगांचं खूळ शिरलं.

खूळच म्हणायचं. घर ते केवढं! पुढे साल, म्हणजे दिवाणखाना, मग दोन पायऱ्या उतरून जेवणाची खोली, तिला खिडकी नाही, तिच्या बाजूला झोपायची खोली आणि मागे स्वयंपाकघर. एवढ्याशा घरात तिने निळी भिंत, पिवळ्या खुर्च्या, स्वयंपाकघराच्या दाराची चौकट नारिंगी, न्हाणीची पोपटी, दिव्याच्या प्रत्येक बटणाभोवती लाल चौकोन असा सगळा बाजार मांडला. लाल पायऱ्यांच्या कडांना लिंबासारखा पिवळा पट्टा. भात निळ्या ताटात, मटणाचं गडद सोर्पोतेल पांढऱ्या वाडग्यात. दुधाला काळा कप, काळ्या चहाला पांढरा. "म्हातारपणी कुणाला देव आठवतो, कुणाला दागिने," एर्मेलिंद स्वतःच्या बहिणीला फोनवर सांगे. "आमच्या मानाला रंग आठवलेत. घर आहे की फेस्ताचा मांडव?"

आणि दर नाताळला एर्मेलिंदला भेट काय, तर नारिंगी एप्रन. असला भडक की रस्त्यापलीकडून दिसावा. "माझ्या घरी आलीस की हाच घालायचा," असं वर बजावून. एर्मेलिंदने तो खिळ्यावर लटकवून ठेवला होता आणि दर खेपेला दात-ओठ खात घातला होता. मोलकरणीला गणवेश देतात तसा.

तर आता लेकीचं, झेल्माचं, लग्न निघालं. त्यांच्या पर्वरीच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये नारळाच्या रसाने मुलीला न्हाऊ घालायचं म्हटलं तर सोसायटीचा सेक्रेटरी वर येणार. शिवाय या घराण्यातली प्रत्येक नवरी फोंतेन्यासच्या त्या दारातूनच बाहेर पडली होती. तेव्हा रोस, म्हणजे लग्नाआधीचं हे न्हाण, तिथेच व्हायचा, निघायचंही तिथूनच. फोटोवाला घर बघून गेला आणि म्हणाला, "रंग जरा जास्तच आहेत." एर्मेलिंदला तेवढं पुरलं. मानाला दिवाडीला चुलत बहिणीकडे लग्नाची दोदोल मिठाई ढवळायला पाठवून दिलं, आणि ती फेरीबोटीत चढल्या चढल्या कायतानने रंगाऱ्यांना आत घेतलं. बाहेरून मात्र घर होतं तसंच निळं ठेवलं. फोंतेन्यासमध्ये चर्च तेवढं पांढरं. घर बाहेरून पांढरं करायची कायतानची काय, त्याच्या बापाचीही हिंमत झाली नव्हती. पण आत त्याने बोट करून टाकली. भिंती पांढऱ्या, चौकटी पांढऱ्या, खुर्च्या पांढऱ्या. लाल पायऱ्यांना डेकसारखा फिकट राखाडी.

यात आणखी एक गोष्ट होती, आणि ती दोघांनीही एकमेकांना मोठ्याने सांगितली नव्हती. कायतानच्या पपाने मरताना सगळ्यांसमोर सांगून ठेवलं होतं, कितेर स्वतःचं स्वतः करते आहे तोवर घर तिचं, मग कायतानचं. झेल्माला आणि तिच्या होणाऱ्या नवऱ्याला, लिस्टनला, राहायला जागा हवी होती. माना सत्तरीला आली होती. पांढरं केलेलं घर रिकामं केल्यासारखं दिसत होतं, आणि एर्मेलिंदला ते आवडलं होतं.

*

शुक्रवारी सकाळी माना दोदोलचा डबा पोटाशी धरून दारात उभी राहिली. सगळे वाटच बघत होते. कायतानने हात पसरले.

"माना, बघ! केवढं झालं घर!"

माना उंबऱ्यावर थांबली. एक पाय आत, एक बाहेर.

"हे कुणाचं?" तिने विचारलं.

सगळे हसले. "तुझंच गं," झेल्मा म्हणाली. "पपाचं सरप्राइज."

"अच्छा." माना हळूच आत आली आणि तिचा गुडघा पहिल्याच खुर्चीला लागला. ती त्याच खुर्चीत बसली. "छान आहे," ती म्हणाली. "उजेड पडला."

भांडण झालं असतं तर एर्मेलिंदला बरं वाटलं असतं. तिने तीन दिवस उत्तरं पाठ केली होती. पण माना नुसती बसून राहिली. जी बाई लादिनीच्या प्रार्थनेच्या दिवशी शंभर माणसांना चणे वाटताना एकदा टेकत नाही, ती दोदोल मांडीवर घेऊन पाहुण्यासारखी बसली. रुसली, एर्मेलिंदने मनाशी म्हटलं. रुसू दे. लग्नघरात एक तरी रुसायला हवंच.

"माना, आत येतेस ना? सान्नां वाफवायची आहेत."

"तू कर ना, लिंदा. तुझा हात चांगला आहे."

एर्मेलिंद जागच्या जागी थांबली. गेल्या तीस वर्षांत या तोंडून तिच्या सान्नांबद्दल चांगला शब्द निघाला नव्हता.

"आज तब्येत बरी नाही का?"

"बरी आहे की. झेल्मा कुठे आहे? झेल्मा, लाल झगा घातलास ना रोसला? तुला किती वेळा सांगितलं होतं."

"नाही तिया. क्रीम घातलाय. भिंतींना जुळतो. करवल्यांनाही तसाच शिवलाय."

 मानाने मान थोडी वळवली आणि झेल्माकडे तशीच कडेने बघितलं. ही तिची खोड. समोर बघून बोलायची नाही, कायम तिरकं. एर्मेलिंदला ती नजर गेली चार वर्षं टोचत आली होती.

*

रोसाला साल गच्च भरली. मधोमध पाटावर झेल्मा, दोन्हीकडे दोन करवल्या, तिघींचे केस मोकळे. दारापाशी बायकांनी लग्नाच्या झोती गायला धरल्या, कुणीतरी सूर फार वर नेला, म्हणून सगळ्या थांबून हसल्या आणि पुन्हा खालून धरल्या. नारळाच्या रसाचा वास पांढऱ्या खोलीभर पसरला. आधी आईने लावायचा, मग मादीनने, म्हणजे बाप्तिस्म्याच्या धर्ममातेने. एर्मेलिंदने लेकीच्या डोक्यावर रस ओतला आणि तिचे डोळे भरून आले, म्हणून तिने रसाच्या निमित्ताने तोंड पुसून घेतलं.

"आता मादीन!" बायका ओरडल्या. "तिया कितेर, ये!"

माना उठली. वाटी डाव्या हातात, उजवा हात समोर थोडा पुढे. चार पावलं चालली आणि थांबली. मग वाकून तिने सगळा रस अगदी प्रेमाने शेजारच्या करवलीच्या, ग्लेंडाच्या, डोक्यावर ओतला.

"देव तुझं भलं करो, बाये," ती म्हणाली.

 मग जो हशा उठला तो कोपऱ्यावरच्या बेकरीपर्यंत गेला असेल.

"तिया, ग्लेंडाला घालवायची घाई झाली का?"

"तिलाही नवरा बघून ठेवलाय की काय?"

माना हसली. उशिरा हसली. "हो, तिचीही वेळ आली की," ती म्हणाली, आणि झेल्माच्या हसण्याच्या दिशेने वळून उरलेला थेंब तिच्या डोक्याला लावला.

एर्मेलिंद मात्र हसली नाही. तिने मानाचा हात बघितला होता. खुर्चीकडे परत जाताना तो हात मागे भिंतीला लागला होता, उलटा, बोटांच्या पेरांनी चाचपत. रुसलेली बाई भिंत चाचपत नाही.

थोड्या वेळाने माना स्वयंपाकघरात गेली. म्हणजे, निघाली. पायऱ्यांशी थांबून तिने पायाने एक पायरी शोधली, अगदी लहान मुलासारखी, मग दुसरी. एर्मेलिंद तिच्यामागे गेली आणि दार लोटून घेतलं.

"माना, माझ्या हातात काय आहे?"

"बाहेर पाहुणे आहेत, लिंदा. थट्टा नको."

"सांग ना. काय आहे?"

मानाने मान वळवली. तीच तिरकी नजर. बराच वेळ.

"पळी," ती म्हणाली.

एर्मेलिंदने किसणी ओट्यावर ठेवली.  ती तशीच स्टुलावर बसली.

"कधीपासून?"

"का, पळी नव्हती?"

"किसणी होती. कधीपासून, माना?"

मानाने ओट्याची कड धरली. "दुकान बंद केलं त्याच्या आधीपासून. एका बाईला तपकिरी म्हणून मी जांभळा दोरा दिला. ती बिचारी हसली. मी पुढच्या आठवड्यात फळी लावली."

"तू गुडघे म्हणाली होतीस."

"गुडघेही दुखतात की! खोटं कुठे बोलले?" मग तिने ओट्यावरची किसणी चाचपून बाजूला सारली. "मडगावला दाखवलं. डोळ्याच्या मागचा पडदा सुकत चाललाय म्हणे. समोरचं सगळं पुसल्यासारखं दिसतं, कडेकडेने तेवढं कळतं. औषध नाही."

कडेकडेने. एर्मेलिंदला तीस वर्षांतले सगळे टोमणे आठवले नाहीत. पण गेल्या चार वर्षांतली ती नजर आठवली, आणि त्या नजरेवरून तिने नवऱ्यापाशी घातलेले वाद आठवले. तुझी बहीण माझ्याकडे नीट बघतसुद्धा नाही.

"मग एकटी कशी राहिलीस?"

"रंगांनी," माना म्हणाली. जणू हे कुणालाही सुचलं असतं. "एकदा काळा चष्मा हरवला, सगळं घर धुंडाळलं. तो होता पिवळ्या टेबलक्लॉथवर. कडेने बघताच पटकन दिसला. मग मी बसून विचार केला. एवढंच तर घर. जिथे आपटते तिथे एक रंग, जिथे धरायचं तिथे दुसरा. पायरी संपते तिथे पिवळा. भात दिसत नाही तर ताट निळं करू. दूध ओतू जातं तर कप काळा आणू. आयुष्यभर लोकांना जुळते रंग दिले. आता न जुळणारे घ्यायचे, एवढाच काय तो फरक. मजा आली गं. खरंच."

"आणि आम्ही ते सगळं पुसलं."

"तुम्हाला काय माहीत? झाकली मूठ मीच ठेवली होती."

बाहेर कायतानचा आवाज चढला होता. फेणीचा दुसरा पेला झाला असणार.

"आता जा आणि सांग," माना म्हणाली. तिचा आवाज बदलला नाही, पण ओट्यावरची बोटं पांढरी पडली. "पपा काय म्हणाला होता ते सगळ्यांना ठाऊक आहे. तुला हवं होतं ते तुझ्या हातात आलंय. आणि ते किसणी नाही, एवढं मला दिसतं."

खरं सांगायचं तर एर्मेलिंदने विचार केला. एक क्षणभर केलाच. झेल्मा या ओट्याशी उभी असलेली तिने बघितली, पडदे बघितले, पाळणा कुठे ठेवायचा तेही बघितलं. आई कुठलीही असो, तिचा विचार आधी तिकडेच धावतो. त्याचा तिला पुढे कधी पश्चात्तापही झाला नाही.

"तो एप्रन कुठे आहे?" मानाने विचारलं. "नारिंगी? खिळ्यावर दिसत नाही. सकाळपासून तू कुठे आहेस ते कळतच नाहीये मला. तुझ्या हातात कायम उकळतं काहीतरी असतं, आणि मी मागून येऊन धडकले म्हणजे?"

 एप्रन कुठे आहे हे एर्मेलिंदला चांगलंच ठाऊक होतं. मागच्या दारी रंगाऱ्यांच्या डब्यांवर, हात पुसायला तिनेच तर दिला होता.

*

"पोरं इथेच राहणार!" कायतान सालेत उभा राहून सांगत होता. एक हात झेल्माच्या खांद्यावर, दुसऱ्यात पेला. "घर कसं झालंय बघा. बोटीच्या कप्तानाची केबिन. लग्न झालं की दोघं इथे, आणि माना आमच्याकडे, पर्वरीला. लिफ्ट आहे. तिला आता कशाला हवी ही दगदग?"

"मानाला विचारलंस?" म्हाताऱ्या तियू सांतानने विचारलं.

"विचारायचं काय त्यात? आपलंच माणूस."

त्याच वेळी खालच्या खोलीतून एर्मेलिंद वर आली. रेशमी साडीवर तिने नारिंगी एप्रन घातला होता, त्यावर पांढऱ्या रंगाचे बोटांचे ठसे. एका हातात अर्धवट सुकलेला पिवळा डबा, दुसऱ्यात ब्रश. तिने लग्नघराकडे बघितलंही नाही. पायऱ्यांशी गुडघे टेकले आणि वरच्या पायरीच्या कडेवर ब्रश ओढला. राखाडीवर पिवळा पट्टा उमटला.

झोती थांबल्या.

"लिंदा!" कायतान म्हणाला. "वेड लागलं का तुला?"

"चर्च पांढरं असतं," एर्मेलिंद खाली बघूनच म्हणाली. "घर नाही. माझी मुलगी पांढऱ्या घरातून निघणार नाही. अपशकुन आहे."

"गेल्या आठवड्यात तूच तर म्हणालीस..."

"गेल्या आठवड्यात मी गाढव होते. तुझ्याशी लग्न केलं तेव्हापासून होते. तो निळा डबा आण."

दोन-चार बायका हसल्या, पण जपून. झेल्मा पुढे आली. "ममा, काय झालंय? उद्या फोटो..."

"फोटो निळ्यापुढे काढू. उठ, चुन्यात नीळ कालव."

"लिंदा, बस कर," असं म्हणत माना दारात आली. स्वयंपाकघराच्या पांढऱ्या चौकटीतून बाहेर आली तेव्हा तिचा हात अजून चौकटीवरच होता. "माझ्यासाठी कशाला खोटं बोलतेस? तुला ते जमतही नाही. कायतान, मला नीट दिसत नाही."

कायतानने पेला खाली ठेवला. "म्हणजे?"

"म्हणजे डोळे गेलेत. पुरते नाही. पण मघाशी मी ग्लेंडाला नवरी केलं ना, ते काही गंमत म्हणून नव्हतं."

आता कुणी हसलं नाही. तियू सांतानने क्रूस केला. ग्लेंडाने उगाचच आपले ओले केस बांधले.

"मग तू इथे एकटी..." कायतानला वाक्य पुरं करता येईना. "माना, मग तर तुला इथे राहताच येणार नाही! पडलीस तर? पपाने सांगितलंय, स्वतःचं स्वतः करते तोवर..."

"करतच होते," माना म्हणाली. "तू घर पांढरं करेपर्यंत मला दिसत होतं, कायतान."

तिने आवाज चढवला नव्हता. कायतान तिच्याकडे बघत राहिला, मग पायरीवरच्या त्या ओल्या पिवळ्या पट्ट्याकडे, मग भिंतीकडे, चौकटींकडे, बटणांकडे. एकेक जागा तो बघत गेला आणि त्याचा चेहरा उतरत गेला. बोटीवरच्या माणसाला या गोष्टी दुसऱ्यांदा समजावून सांगाव्या लागत नाहीत. बंदराच्या तोंडाशी पाण्यावर तरंगता लाल बोया, हिरवा बोया. त्यांच्यामधून बोट आत घ्यायची, एवढ्यावर त्याचं सारं आयुष्य सुखरूप पार पडलं होतं.

"देवा," तो म्हणाला. "मी तुझे बोये उचलून टाकले."

"हो," माना म्हणाली. "आणि मी सकाळपासून नांगर टाकून बसलेय. पाय आखडलेत."

मग तो रडला. सगळ्यांसमोर, फेणीचा वास आणि नारळाचा वास यांच्यामध्ये उभा राहून, मोठ्या माणसासारखं नाहीच. माना दोन पायऱ्या चढायला निघाली तसा तो धावला, पण एर्मेलिंदने ब्रश आडवा धरला.

"थांब. तिला एकटीला येऊ दे. आणि कडेवर पाय देऊ नकोस, माना. ओलं आहे."

"दिसतंय," माना म्हणाली आणि दोन्ही पायऱ्या चढून वर आली.

*

दुपारभर त्या घरात लग्नाची तयारी सोडून बाकी सगळं झालं. माना सालेच्या मधोमध खुर्चीत बसून हुकूम सोडत होती. न्हाणीची चौकट पोपटी. हिरवी नको, हिरवी मला काळीच वाटते. बटणांभोवती लाल, पण जाड. झेल्मा रसाने चिकट झालेल्या केसांनी नीळ कालवत होती आणि लिस्टन, ज्याला नवऱ्या मुलाने रोसाच्या दिवशी नवरीकडे फिरकायचं नसतं हे कुणीच सांगितलं नव्हतं, भिंतीवर ब्रश चालवत होता.

"अजून गडद," माना म्हणाली. "ही निळी नाही, ही भीती आहे. गडद करा."

"तिया, आम्ही पर्वरीलाच बघतो कुठेतरी," झेल्मा मध्येच म्हणाली. "ते बोलणं झालंय आमचं."

"कधी झालं?"

"आत्ता. नीळ ढवळताना."

"बघा, मला विचारलं कुणी?" लिस्टन म्हणाला, पण त्याने ब्रश काही खाली ठेवला नाही.

एर्मेलिंद चुलीशी होती. मानाने मागून येऊन ओट्यावर हात ठेवला, अगदी नेमका, एप्रनपासून चार बोटं लांब.

"मी बुधवारी आणि शनिवारी येत जाईन," एर्मेलिंद वळून न बघता म्हणाली. "किसणी आणि पळी वेगवेगळ्या खिळ्यांवर लावून ठेवते."

"ये. पण तुझी सान्नां कडकच होतात. सकाळी मी खोटं बोलले."

"ठाऊक आहे मला," एर्मेलिंद म्हणाली, आणि का कोण जाणे, तिला फार बरं वाटलं.

शनिवारी सकाळी झेल्माला निळ्या भिंतीपुढे उभं केलं. पांढरा गाऊन, डोक्यावर पांढरी जाळी, पांढरी फुलं. फोटोवाल्याने काही म्हणायला तोंड उघडलं आणि एर्मेलिंदचा चेहरा बघून मिटलं. माना आतून आली, स्वतःची निळी साडी नीट करत, पिवळ्या कडांवरून दोन पायऱ्या चढली, आणि कुणाला काही न विचारता सरळ झेल्मासमोर जाऊन उभी राहिली. मान थोडी वळवली.

"मागची शेपटी इतकी लांब कशाला शिवलीस?" ती म्हणाली. "अर्धी पणजी झाडत जाशील."

झेल्माने तिला मिठी मारली, मग सगळ्यांनाच तोंडं पुसायला लागली आणि चर्चला उशीर व्हायला लागला.

शेवटी दार ओढायला कायतान थांबला होता. काळा सूट, चकचकीत बूट, आणि कोपरापासून मनगटापर्यंत बाहीवर पिवळ्या रंगाचा लांब पट्टा. रात्रीतही न वाळलेल्या कुठल्यातरी चौकटीला टेकला असणार. एर्मेलिंद "अरे देवा" म्हणत रॉकेल आणि फडकं घेऊन धावली.

मानाने तिचा हात धरला.

"राहू दे गं," ती म्हणाली. "चर्चमध्ये सगळे पुरुष काळ्यातच असतात. याला मी आज लांबून ओळखीन."

एर्मेलिंदने फडकं खाली ठेवलं. कायतानने पिवळी बाही बहिणीपुढे केली, तिने ती धरली, आणि ते उतारावरून खाली निघाले.